लेकरं निजतात त्या खोलीत धुराचा अलार्म हवा

प्रति,
मा. मंत्री,
महिला व बाल विकास विभाग,
महाराष्ट्र राज्य

विषय : घरगुती पाळणाघरांसाठी व अंगणवाडीतील पाळणाघरांसाठी धुराच्या अलार्मचा, त्यांना पेलेल असा नियम करण्याबाबत.

महोदया,

मी वाशिम जिल्ह्यातल्या मंगरूळपीर तालुक्यातील आसेगावची. राहत्या घरी लोकांची लेकरं सांभाळते. निंदणाच्या दिवसांत, सोयाबीनच्या सोंगणीत, कापूस वेचणीत आया सकाळीच लेकरू माझ्या ओसरीवर सोडतात आणि वावरात जातात. कोणाची आई आशा सेविका आहे, कोणाची दवाखान्यात कामाला आहे, कोणी रोज तालुक्याला जाऊन येते. दाराला पाटी नाही आणि कुठे नोंदणीही नाही. पण सकाळपासून दिवेलागणीपर्यंत त्या लेकरांचा जीव माझ्या भरवशावर असतो. अशा बाया गावोगाव आहेत.

हे पत्र एका मागणीसाठी आहे. दुसऱ्यांची लेकरं जिथे दिवसा झोपवली जातात, त्या प्रत्येक खोलीत धूर ओळखून मोठ्याने वाजणारा अलार्म असावा, आणि त्याचा नियम माझ्यासारख्या दोन खोल्यांच्या घराला पाळता येईल असा असावा. मोठ्या इमारतींचा नियम उचलून आमच्या डोक्यावर ठेवू नका. आणि आम्ही लहान म्हणून आम्हाला नियमाबाहेरही सोडू नका.

आपल्या राज्यात आगीचा कायदा आहे. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम २००६ सालचा. डिसेंबर २००८ पासून तो लागू झाला. इमारतीच्या मालकाने किंवा ती वापरणाऱ्याने आगीपासून बचावाची साधने बसवायची, ती चालू स्थितीत ठेवायची आणि परवानाधारक एजन्सीकडून तसा दाखला वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, घ्यायचा, अशी त्याची रीत आहे. दवाखाने, मंगल कार्यालये, मॉल, उंच इमारती यांना डोळ्यांसमोर ठेवून ती बांधलेली आहे. राष्ट्रीय इमारत संहिता २०१६ मध्ये शैक्षणिक इमारतींच्या गटात दिवसभर मुले सांभाळण्याच्या जागाही येतात, पण तिथे किमान २० मुले जमत असतील तरच. माझ्याकडे तेवढी लेकरं कधीच नसतात आणि घरात सांभाळणाऱ्या बहुतेक बायांकडेही नसतात. त्यामुळे कागदावर माझे घर हे फक्त घर ठरते. साध्या बैठ्या घरात धुराचा अलार्म लावलाच पाहिजे, असे आपल्याकडचा कोणताही नियम म्हणत नाही.

शाळांचे तसे नाही. १६ जुलै २००४ रोजी तामिळनाडूतल्या कुंभकोणम येथे शाळेच्या स्वयंपाकघरातून गवती छपराला आग लागली आणि ९४ मुले गेली. त्यानंतर अविनाश मेहरोत्रा यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १३ एप्रिल २००९ रोजी निकाल दिला. शिक्षणाच्या हक्कात सुरक्षित शाळेचा हक्कही येतो, असे त्यात स्पष्ट म्हटले आणि शाळांमध्ये आग विझवण्याची साधने ठेवण्याचे आदेश दिले. शाळेच्या वऱ्हांड्यात लटकलेले लाल नळकांडे आज आपल्याला दिसते, त्यामागे ती ९४ लेकरं आहेत. पण सहा महिन्यांचे, दीड वर्षाचे, अडीच वर्षांचे मूल शाळेत जात नाही. ते माझ्याकडे असते. ज्या वयात लेकराला स्वतः उठून दाराबाहेर पळता येत नाही, नेमक्या त्या वयासाठी नियम नाही.

नोकरीच्या ठिकाणच्या पाळणाघरांचा विचार कायद्याने जुन्या काळापासून केला आहे. १९४८ च्या कारखाने अधिनियमात ३० हून अधिक स्त्री कामगार असतील तिथे पाळणाघराची तरतूद होती. २०१७ च्या मातृत्व लाभ दुरुस्तीने ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय बंधनकारक केली आणि केंद्राने २०१८ मध्ये अशा पाळणाघरांसाठी किमान मार्गदर्शक सूचना काढल्या. रोजगार हमीच्या कामावर सहा वर्षांखालील पाच किंवा जास्त मुले बरोबर येत असतील, तर त्यांना सांभाळायला एका बाईची नेमणूक करायची तरतूद झाली. मिशन शक्तीखालच्या पाळणा योजनेत अंगणवाडीलाच जोडून पाळणाघर चालवण्याचे धोरण आहे. हे सगळे चांगलेच झाले. पण ज्या आईचा मालक दर आठवड्याला बदलतो, आज या वावरात आणि उद्या त्या वावरात, तिच्या लेकरासाठी आस्थापना कोणती धरायची? तिच्या लेकराचे पाळणाघर म्हणजे शेजारणीचे घर.

मी माझ्या परीने चौकशी केली. एका कार्यालयात सांगितले, आगीचे आमच्याकडे नाही. दुसऱ्या ठिकाणी सांगितले, घरगुती आहे ना, मग कशाला दाखला पाहिजे. तिसऱ्या ठिकाणी म्हणाले, "तुमचं हे कोणत्याच नमुन्यात बसत नाही, बाई." कोणी उद्धट बोलले नाही. प्रत्येकाने आपल्यापुरते खरेच सांगितले. पण सगळ्यांचे खरे एकत्र केले तर उत्तर असे निघते की माझ्या खोलीत झोपलेल्या लेकरांच्या जिवाची जबाबदारी कोणत्याच टेबलावर नाही.

महोदया, भंडारा आपल्या विदर्भातलेच आहे. ९ जानेवारी २०२१ ची पहाट. जिल्हा सामान्य रुग्णालयातील नवजात अर्भकांच्या विशेष कक्षात १७ बाळे होती. ड्युटीवरच्या परिचारिकेने दार उघडले तेव्हा खोलीत धूर भरलेला होता. सात बाळांना बाहेर काढता आले, दहा गेली. तेव्हाचे आरोग्यमंत्री राजेश टोपे यांनी जे सांगितले ते मी विसरू शकत नाही : तीन बाळे भाजून गेली आणि सात बाळे धुराने गुदमरून. दहापैकी सातांपर्यंत जाळ पोचलाच नव्हता, धूर पोचला होता. त्या घटनेनंतर राज्यभरातल्या रुग्णालयांच्या अग्निसुरक्षेच्या तपासणीचे आदेश निघाले. दवाखाने जागे झाले. पाळणाघरांकडे मात्र त्या नजरेने कोणी पाहिले नाही.

पाळणाघरांचा विषय आपल्याकडे चर्चेला आला तो वेगळ्या कारणाने. २०१६ मध्ये खारघरच्या एका पाळणाघरात बाळाला मारहाण झाल्याचे कॅमेऱ्यातले चित्रण बाहेर आले आणि सगळा महाराष्ट्र हादरला. तेव्हापासून पाळणाघर म्हटले की पहिला प्रश्न सीसीटीव्हीचा येतो. तो यायलाच हवा. लेकराला हात लावणारा माणूस ओळखता आला पाहिजे. पण कॅमेरा धुराला ओरडून सांगत नाही. तो नंतर दाखवतो. आम्हाला जे हवे आहे ते नंतरचे नाही, पहिल्या मिनिटाचे आहे.

घरगुती पाळणाघराची हुबेहूब गोष्ट पाहायची तर अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यातले ईरी शहर पाहावे लागेल. ११ ऑगस्ट २०१९ च्या मध्यरात्रीनंतर तिथल्या एका घरगुती पाळणाघराला आग लागली. रात्रपाळीच्या आईबापांची मुले तिथे झोपायला असत. पाच मुले गेली, सर्वात लहान आठ महिन्यांचे आणि सर्वात मोठे सात वर्षांचे. त्यांतली चार सख्खी भावंडे. पाळणाघराला सरकारची मान्यता होती. आणि सगळ्या घरात मिळून धुराचा एकच अलार्म सापडला, तोही माळ्यावर. मुले खाली झोपलेली. त्यानंतर त्या राज्याने घरगुती पाळणाघरांचे नियम बदलले : एकमेकांना जोडलेले अलार्म हवेत, म्हणजे घरात कुठेही धूर झाला तरी सगळे एकदम वाजतील.

मेक्सिकोतल्या एर्मोसिय्यो शहरात ५ जून २००९ रोजी एका पाळणाघरात ४९ मुले गेली. दुपारची, झोपेची वेळ होती. आग लागली ती शेजारच्या सरकारी गोदामात, थंड हवेच्या यंत्रापासून, आणि छपरातून पाळणाघरात उतरली. दोन वर्षांनी, २०११ मध्ये, तिथे बालसंगोपन केंद्रांचा राष्ट्रीय कायदा झाला. लोक त्याला आजही पाच जूनचा कायदा म्हणतात.

कुंभकोणम, एर्मोसिय्यो, भंडारा, ईरी. चारही ठिकाणी आधी लेकरं गेली, मग नियम झाला किंवा तपासणी झाली. मला आपल्याला कळकळीने सांगायचे आहे की हा क्रम उलटा करण्याची संधी आज आपल्या हातात आहे. एखाद्या गावाचे नाव त्या यादीत यायच्या आधी नियम करा.

आता आमच्या घरांची स्थिती सांगते, कारण नियम मंत्रालयात लिहिला जाईल आणि पाळायचा इथे आहे.

आसेगावसारख्या गावात अर्धी घरे टिनाची. उन्हाळ्यात पारा ४३-४४ वर जातो, तेव्हा लेकरं दुपारी कूलरसमोरच झोपतात. कूलरची वायर लांब पुरत नाही म्हणून एक्स्टेन्शन बोर्ड, त्याच बोर्डावर पंखा, त्यावरच मोबाइलचा चार्जर. वीज गेली आणि आली की दाब खाली-वर होतो. बोर्ड गरम होतो, बहुतेक वेळा गादीच्या किंवा गोधडीच्या काठाजवळ. पावसाळ्यात मच्छर अगरबत्ती पेटलेली असते. घराच्या मागच्या भिंतीला तुराट्या आणि पऱ्हाट्या रचून ठेवलेल्या असतात. गॅस आला तरी चूल सुटलेली नाही, कारण सिलिंडर भरायला पैसे लागतात आणि पऱ्हाटी वावरातून फुकट येते. स्वयंपाकाची खोली आणि निजायची खोली यांच्यात कधी दार असते, कधी नुसता पडदा. आणि बाहेर जायला दार एकच.

अशा घरात आग भडकून लागते असे नेहमी होत नाही. कापसाची गादी आधी धुमसते. जाळ दिसत नाही, धूर निघत राहतो. गरम धूर वर जातो, छताला साचतो आणि थर खाली उतरत येतो. त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला वास नाही, रंग नाही. लहान लेकराचा श्वास मोठ्या माणसापेक्षा जलद चालतो, म्हणून त्याच खोलीत तेवढ्याच वेळात ते विष त्याच्या अंगात लवकर भिनते. मी त्या वेळी मागच्या अंगणात लंगोट धूत असते, किंवा नळ आला म्हणून पाणी भरत असते. खोलीत शांतता असते. लेकरं झोपली म्हणून असलेली शांतता आणि लेकरं गुदमरली म्हणून असलेली शांतता बाहेरून सारखीच ऐकू येते. धुराचा अलार्म तेवढ्यासाठी हवा.

हा अलार्म काही फार मोठे यंत्र नाही. तळहाताएवढी पांढरी डबी. आत अंधारा कप्पा, त्यात प्रकाशाची बारीक तिरीप. एरवी ती तिरीप सरळ जाते. धूर शिरला की प्रकाश विखुरतो, सेन्सरवर पडतो आणि भोंगा वाजतो. तीन मीटरवर साधारण ८५ डेसिबल, म्हणजे अंगणात स्पष्ट ऐकू येईल एवढा. बॅटरीवर चालतो, त्यामुळे वीज गेली तरी चालू. धुमसणारा धूर ओळखायला हाच, प्रकाशावर चालणारा प्रकार चांगला. बाजारात साधा अलार्म हजार-दोन हजार रुपयांच्या आसपास मिळतो, पण तालुक्याच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात विचारले तर बहुधा मागवावा लागतो. मी एक मागवून लावला आहे. तो वापरताना जे कळले ते नियम करणाऱ्यांना उपयोगी पडेल म्हणून लिहिते.

पहिली गोष्ट जागेची. चुलीजवळ किंवा गॅसजवळ लावला तर मिरचीच्या फोडणीला रोज वाजेल, आणि रोज वाजणाऱ्या अलार्मची बॅटरी बाई आठवडाभरात काढून ठेवेल. तो लेकरांच्या निजायच्या खोलीतच हवा.

दुसरी गोष्ट टिनाची. भर उन्हात टिनाखाली गरम हवेचा थर बसतो आणि मंद धूर त्या थरापर्यंत चढतच नाही. शिवाय बऱ्याच अलार्मच्या खोक्यावर ३८ ते ५० अंशांच्या दरम्यान कुठेतरी तापमानाची मर्यादा लिहिलेली असते. आमच्या टिनाखाली मे महिन्यात त्याहून जास्त होते. भिंतीवर लावायचा झाला तर साधारणपणे छतापासून १० ते ३० सेंटिमीटर खाली लावा असे सांगतात. पण हे अंतर सिमेंटच्या छताच्या हिशेबाने आहे. विदर्भातल्या टिनाच्या घरात तो किती खाली असावा, हे राज्याच्या अग्निशमन सेवा संचालनालयाने प्रत्यक्ष अशा घरांत तपासून सांगावे. पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये चालणारी ओळ जशीच्या तशी आमच्याकडे पाठवू नये.

तिसरी गोष्ट धुळीची. सोंगणीनंतर मळणीयंत्र चालते तेव्हा गावभर बारीक कुटार उडते. ते त्या कप्प्यात शिरते. मऊ ब्रशने झटकावे लागते. महिन्यातून एकदा त्यावरचे बटण दाबून आवाज तपासावा लागतो. दहा वर्षांनी अख्खा अलार्मच बदलावा लागतो, बॅटरी नवी घातली तरी.

चौथी गोष्ट, हा अलार्म गॅसच्या गळतीला वाजत नाही. घरगुती गॅस हवेपेक्षा जड, तो जमिनीलगत पसरतो. त्याची काळजी वेगळी. नाहीतर अलार्म आहे म्हणून सिलिंडर निजायच्या खोलीत ठेवला, असे व्हायचे.

आणि पाचवी गोष्ट सर्वात महत्त्वाची. अलार्म वाजला म्हणजे लेकरू उठेल, या भरवशावर राहता येत नाही. स्कॉटलंडमधल्या डंडी विद्यापीठाच्या संशोधकांनी मुलांवर चाचणी केली तेव्हा नेहमीच्या अलार्मच्या आवाजात दहातली आठ मुले झोपूनच राहिली होती. अलार्म लेकराला उठवण्यासाठी नसून सांभाळणाऱ्या बाईला धावत आणण्यासाठी आहे. म्हणून अलार्मइतकाच सराव महत्त्वाचा.

आमच्याकडे सराव असा होतो. मी बटण दाबते. चालती लेकरं गाठी मारलेली दोरी धरतात, प्रत्येकाची एक गाठ ठरलेली. सर्वात मोठी पोरगी पुढे, ती अंगणातल्या लिंबापर्यंत जाते आणि थांबते. एक रांगते लेकरू माझ्या डाव्या कडेवर, दुसरे उजव्या. पहिल्यांदा आवाजाने दोघे-तिघे रडले, एक पलंगाखाली शिरले. पलंगाखाली शिरणारे लेकरू आगीतही तिथेच शिरेल, हे तेव्हा कळले. आता पलंगाखाली पेट्या लावून जागा बंद केली आहे. सरावातच आणखी एक हिशेब डोळ्यांसमोर आला. बाईला कडा दोनच असतात. न चालणारी दोनच लेकरं ती एका खेपेत बाहेर काढू शकते. तिसरे असेल तर दुसरी बाई हवी. राष्ट्रीय पाळणाघर योजनेत २५ मुलांमागे एक सेविका आणि एक मदतनीस असे प्रमाण होते. त्या २५ मध्ये रांगणारी किती, यावर त्या खोलीची सुरक्षितता ठरते. नियम लिहिताना मुलांची संख्या मोजाल, तेव्हा चालणारी आणि न चालणारी वेगळी मोजा.

जगभर हे नियम बदलत आहेत, आणि ते कसे बदलले यातून शिकण्यासारखे आहे. ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड राज्यात २०११ मध्ये एका घराच्या आगीत ११ जण गेले. त्यांनी घरांसाठी एकमेकांना जोडलेल्या, प्रकाशावर चालणाऱ्या अलार्मचा नियम केला, पण सगळ्यांना एकाच दिवशी धरले नाही. नव्या बांधकामांना २०१७ पासून, भाड्याच्या घरांना २०२२ पासून आणि उरलेल्या सगळ्या घरांना २०२७ पर्यंत मुदत दिली. स्कॉटलंडने फेब्रुवारी २०२१ ही तारीख ठरवली होती, ती एक वर्ष पुढे ढकलून फेब्रुवारी २०२२ केली. नियम कडक असावा, पण त्याला मुदत असावी, टप्पे असावेत आणि सामान बाजारात पोचलेले असावे. नाहीतर लोक दाखला मिळवतात आणि अलार्म बसवत नाहीत.

इथे माझी एक भीती आपल्यापुढे मोकळेपणी ठेवते. उद्या आपण घाईने परिपत्रक काढले, प्रत्येक घरगुती पाळणाघराने परवानाधारक एजन्सीचा सहामाही दाखला द्यावा, पाण्याची टाकी बांधावी, दुसरा जिना दाखवावा, असे म्हटले, तर माझ्यासारख्या बाया लेकरं सांभाळणे बंद करतील. त्यांच्याकडे महिन्याला येणारा पैसा तेवढा नसतो. आणि आम्ही बंद केले म्हणून आयांचे काम थांबणार नाही. लेकरू मग वावराच्या धुऱ्यावर झाडाला बांधलेल्या झोळीत निजेल, विळ्या-खुरप्यांच्या आणि फवारणीच्या डब्यांच्या शेजारी. किंवा आठ वर्षांच्या बहिणीच्या हवाली करून, शाळा बुडवून, बाहेरून कडी लावलेल्या घरात राहील. बाहेरून कडी लावलेल्या घरात अलार्म वाजून उपयोग काय? नियमाने लेकरू जास्त सुरक्षित घरात राहिले पाहिजे, जास्त धोक्याच्या घरात ढकलले जाता कामा नये.

म्हणून माझ्या मागण्या नेमक्या आणि थोड्या आहेत.

१. घरी तीन किंवा अधिक परकी लेकरं रोज सांभाळणाऱ्या बाईची साधी, विनाशुल्क नोंदणी अंगणवाडी पर्यवेक्षिकेकडे व्हावी. नोंदणी शिक्षेसाठी नसावी. साहित्य आणि शिकवण पोचवण्यासाठी असावी.

२. नोंदलेल्या प्रत्येक घराला आणि अंगणवाडीतल्या प्रत्येक पाळणाघराला लेकरांच्या निजायच्या खोलीसाठी धुराचा एक अलार्म शासनाने द्यावा. दोन खोल्यांत लेकरं झोपत असतील तर एकमेकांना जोडलेले दोन. जिल्हा नियोजनच्या निधीतून हे होण्यासारखे आहे. वाशिम हा नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांपैकी एक आहे. सुरुवात इथूनच करावी.

३. नियम एका पानाचा, मराठीत आणि चित्रांसह असावा. अलार्म कुठे लावायचा. सिलिंडर आणि चूल निजायच्या खोलीबाहेर. लेकरं आत असताना दाराला बाहेरून कुलूप-कडी नाही, आतून लावलेली कडी मोठ्या माणसाला एका हाताने उघडता यावी. कूलरला वेगळा पॉइंट. तुराट्या-पऱ्हाट्या भिंतीपासून दूर. न चालणाऱ्या दोन लेकरांमागे एक मोठे माणूस. महिन्याला एक सराव.

४. तपासणी पर्यवेक्षिकेने नेहमीच्या भेटीत करावी. बटण दाबावे, आवाज ऐकावा, वहीत तारीख लिहावी. त्यासाठी वेगळी एजन्सी, वेगळी फी नको. पण पर्यवेक्षिकांवर आणि अंगणवाडी सेविकांवर आधीच रजिस्टरांचा आणि मोबाइल अॅपचा भार आहे. हे काम वाढवताना त्यांचे दुसरे एखादे काम कमी करावे.

५. नियम बदलला की तो आमच्यापर्यंत पोचवण्याची जबाबदारी ठरवावी. शासन निर्णय संकेतस्थळावर टाकला म्हणजे आसेगावात कळला असे होत नाही. ग्रामसभेत वाचून दाखवावा, अंगणवाडीच्या भिंतीवर लावावा, आणि पाळायला किमान एक वर्ष द्यावे.

६. नगर परिषदेच्या अग्निशमन केंद्राने वर्षातून एकदा गावात येऊन सेविकांना आणि आमच्यासारख्या बायांना धुरातून वाकून कसे निघायचे, गॅस कसा बंद करायचा, विजेच्या आगीवर पाणी का टाकायचे नाही, हे करून दाखवावे. आमच्या गावात आगीची गाडी बाहेरून यावी लागते. ती येईपर्यंत जे काय वाचवायचे ते आम्हालाच वाचवायचे आहे.

यांतल्या एकाही मागणीला नवा कायदा लागत नाही. पाळणा योजना आपल्या विभागाची आहे, अंगणवाड्या आपल्या विभागाच्या आहेत, पर्यवेक्षिका आपल्या विभागाच्या आहेत. आपण मनावर घेतले तर एका शासन निर्णयाने सुरुवात होईल.

हे पत्र वाचणाऱ्या आयांनाही दोन शब्द सांगायचे आहेत. शासन निर्णय निघेपर्यंत थांबू नका. लेकरू जिथे सोडता, तिथल्या बाईला विचारा : लेकरं कुठे निजतात, सिलिंडर कुठे आहे, दार आतून कसे उघडते, आग लागली तर आधी कोणाला उचलशील? असे विचारणे म्हणजे अविश्वास नाही. मला कोणी विचारले तर मला बरेच वाटते. आणि चार आयांनी मिळून पैसे घातले तर एक अलार्म येतो. तो तुमच्याच लेकरांच्या खोलीत लागतो.

आणि माझ्यासारख्या लेकरं सांभाळणाऱ्या बायांना विनंती. आपण शिकलेल्या असू-नसू, आपल्याला परवाना असो-नसो, लोक आपल्याकडे घरातले सर्वात मोलाचे ठेवून जातात. या महिन्यातच बोर्ड गादीपासून दूर करा, दाराजवळची अडगळ काढा, आणि लेकरांना दोरी धरून अंगणात न्यायचा सराव सुरू करा. याला पैसा लागत नाही.

महोदया, निंदणाच्या दिवसांत वाशिम जिल्ह्यातल्या हजारो आया लेकरू कोणाच्या तरी ओसरीवर सोडून वावरात जातात. त्यांचा भरवसा आज फक्त त्या ओसरीवरच्या बाईवर आहे. तो तिच्याबरोबर शासनावरही असावा, एवढीच विनंती. या निर्णयाची आम्ही वाट पाहत आहोत. कृपया येत्या पावसाळ्याआधी तो घ्या.

आपली,
घरी लेकरं सांभाळणारी एक बाई,
मु. पो. आसेगाव, ता. मंगरूळपीर, जि. वाशिम